घरपट्टीची थकबाकी, कोर्टाचा कागद आणि आपण

(झाशी येथील मराठी भाषक सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय पत्रकात ‘नागरी कर व श्रमिक जनता’ असा छापला आहे. विषय मोठा आहे, आणि त्यावर मोठी भाषणे करू शकणारे साथी समोर बसले आहेत. मी त्याच्या एकाच कोपऱ्याविषयी बोलणार आहे. तो कोपरा म्हणजे घरपट्टी थकल्यावर दारात येणारा कागद. मी वकील नाही. पक्षाचे ठराव, निवेदने आणि पत्रके हिंदी-इंग्रजीतून मराठीत आणणे हे माझे काम. कला शाखेच्या पदवीधराला कायदा समजत नाही असे वकील मंडळी म्हणतात व ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु कागद वाचणे हा माझा रोजचा धंदा आहे, आणि या विषयात निम्मे काम कागद वाचण्याचेच असते.

असे असूनही माझ्याकडून काय घडले ते आधी सांगतो. आमच्या आईवडिलांचे जुने घर एका लहान शहरात आहे. वडील वारल्यानंतर दोन वर्षांनी त्यांच्या नावाने पालिकेचे पाकीट आले. शेजारच्या काकांनी ते माझ्याकडे पाठवून दिले. पाकिटावर गेलेल्या माणसाचे नाव होते. ते फोडणे मला नको वाटले, आणि मी ते शब्दकोशात ठेवून दिले. दुसरे पाकीट आले तेव्हा एका ठरावाच्या भाषांतराची घाई होती. तिसरा कागद दारावर चिकटवला गेला. मग मी तिन्ही एकत्र वाचले. घराच्या एका खोलीत कधीकाळी एक विद्यार्थी भाड्याने राहत असे. त्यावरून संपूर्ण घर भाड्याचे धरून आकारणी झाली होती. ही गोष्ट पहिल्याच कागदावर स्वच्छ लिहिलेली होती, आणि हरकत घेण्याची शेवटची तारीखही लिहिलेली होती. ती उलटून आठ महिने झाले होते. आम्ही दंडव्याजासह सगळी रक्कम भरली. आई एवढेच म्हणाली, “दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचतोस ना रे?”

हे मी पश्चात्ताप म्हणून सांगत नाही. चार वर्षे शाखेचे काम करणारा, लिहिता-वाचता माणूस जर असे करतो, तर बारा तास कारखान्यात अथवा हातगाडीवर राबणारा माणूस कागद देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतो यात नवल काय? सरकारी कागद म्हटला की भीती येते. भीतीमुळे तो बाजूला पडतो, आणि तेवढ्यात तारीख निघून जाते. आपल्याकडे गरीब माणसाचे अनेक दावे न्यायाधीशासमोर जाण्यापूर्वीच असे हरतात.

त्यात भाषेची अडचण. ज्यांच्या चार-सहा पिढ्या झाशीत गेल्या त्या मराठी घरांना हिंदी शिकवण्याची गरज नाही. पण लग्न होऊन महाराष्ट्रातून आलेल्या भगिनी आहेत, रेल्वेच्या बदलीवर आलेली कुटुंबे आहेत. शिवाय हा मजकूर ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडेही वाचला जाईल. कचेरीच्या हिंदीतील ‘बकाया’ म्हणजे आपली थकबाकी, ‘तामील’ म्हणजे बजावणी, ‘कुर्की’ म्हणजे जप्ती, ‘बनाम’ म्हणजे विरुद्ध, ‘दाखिल-खारिज’ म्हणजे नावाचा फेरफार. हे शब्द परके वाटतात म्हणून आपण ते विचारून घेतो, त्यामुळे त्यांचा फारसा धोका नाही. धोका ओळखीच्या शब्दांचा आहे. हिंदी कागदावर ‘आपत्ति’ असे छापलेले असते. मराठी माणूस ते वाचतो आणि त्याला वाटते, संकट आले. वास्तविक त्या ओळीत संकटातून सुटण्याचा मार्ग सांगितलेला असतो. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे आपली ‘हरकत’, आणि अमुक तारखेपर्यंत आपली हरकत दाखल करा असे ती ओळ सांगत असते. गंमत अशी की हिंदीत ‘हरकत’ म्हणजे आगळीक, खोडी. एखादी मराठी बाई खिडकीवर जाऊन “मेरी हरकत है” असे म्हणाली तर कारकून हसेल आणि ती परत फिरेल. तेव्हा ‘आपत्ति’ हा एक शब्द तेवढा पाठ करा.

आता मुख्य मुद्दा. कागद हाती आला की रक्कम पाहण्यापूर्वी तो कोणी पाठवला आहे ते पाहावे. लोक सर्रास म्हणतात, “कोर्टातून आले.” बहुधा ते कोर्टातून आलेले नसते. विलायतेत स्थानिक कर थकला की नगर परिषद स्मरणपत्रानंतर मॅजिस्ट्रेटचे समन्स काढते. आपल्याकडे नगर निगम आधी बिल देते, मग मागणीची नोटीस, आणि तरीही रक्कम न भरल्यास जप्तीचे वॉरंट काढते. उत्तर प्रदेशात हे सर्व 1959 च्या नगर निगम अधिनियमाने चालते. झाशीची नगरपालिका 2002 मध्ये नगर निगम झाली, तेव्हापासून येथेही तोच कायदा आहे. या मार्गात न्यायाधीश आपणहून कोठेच येत नाही. तो हवा असेल तर आपणच त्याच्याकडे जावे लागते. कलम 472 खाली आकारणीविरुद्ध लघुवाद न्यायाधीशाकडे अपील करता येते, परंतु त्यापूर्वी कार्यालयात हरकत नोंदवलेली असावी लागते आणि मागितलेली रक्कम आधी जमा करावी लागते. म्हणजे पहिल्या पायरीवर गप्प बसलेल्या माणसाला दुसरी पायरी जवळपास बंद होते. माझ्या घरी नेमके हेच झाले.

दुसरा कागद लोक अदालतीचा. अलीकडे सर्वांत जास्त घबराट याच कागदाने उडते, कारण त्यावर न्यायालयाचे नाव आणि शिक्का असतो. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून सामान्यतः चार वेळा भरते. तिच्यापुढे स्थानिक संस्था थकबाकीची प्रकरणे दाव्यापूर्वीच, म्हणजे दावा दाखल होण्याच्या आधीच, ठेवू शकतात. ती नोटीस तडजोडीचे बोलावणे असते. गेला नाहीत तर शिपाई धरायला येत नाही. गेलात आणि जमले नाही, तर प्रकरण जसे होते तसेच परत जाते. सामान्य लोक अदालत आपल्या संमतीवाचून कोणताही निर्णय लादू शकत नाही. तरीही जावे असेच मी सांगेन, कारण दंडव्याजात सूट किंवा हप्ते मिळाले तर तेथेच मिळतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1987 च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे तेथे झालेली तडजोड ही दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. टेबलावर गर्दी असते, मागे रांग असते, समोरचा माणूस “यहाँ साइन कर दीजिए” म्हणतो आणि आपण सही करतो. सहीपूर्वी आकडा वाचा. आकारणीच चुकीची आहे असे तुमचे म्हणणे असेल, तर त्या दिवशी सही न करता परत येण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तिसरा कागद म्हणजे खरे समन्स. त्याच्यासोबत वादपत्राची नकल असते, दाव्याचा क्रमांक असतो, तारीख असते. याविषयी वस्त्यांमध्ये एक भ्रम फार पसरला आहे. “आम्ही घेतलेच नाही, म्हणजे आलेच नाही,” असे लोक म्हणतात. बेलिफाला परत पाठवले तर तो समन्स दारावर चिकटवू शकतो, आणि अशी बजावणी कायद्याने धरली जाते. घरातील प्रौढ माणसाच्या हाती दिले तरीही, यजमान घरी नसल्यास, ती बजावणी होऊ शकते. मग तारखेला कोणी गेले नाही की प्रकरण एकतर्फी चालते. लेखी उत्तर तीस दिवसांत द्यायचे असते, न्यायालय ती मुदत फार तर नव्वद दिवसांपर्यंत वाढवते. एकतर्फी हुकूमनामा झालाच तर तीस दिवसांत अर्ज करून, न येण्याचे सबळ कारण दाखवून, तो रद्द करून घेता येतो. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. “मृताचे नाव पाहून फोडले नाही” हे कारण कितपत चालेल याविषयी मी आशावादी नाही.

तहसिलीचा कागद वेगळा. येथे ज्याला लोक ‘आर.सी. कटना’ म्हणतात, ती जमीन-महसुलाप्रमाणे होणारी वसुली होय. तिच्या साधनांत अटकही आहे. अटकेच्या अफवा बहुतेक येथूनच निघतात आणि मग साध्या घरपट्टीच्या बिलालाही चिकटतात. म्हणूनच कागद कोणाचा हे आधी पाहायचे.

आता रक्कम. आपले कार्यकर्ते महागाई भत्त्याचा हिशोब डोळे मिटून करतात, पण घरपट्टीचा आकडा मात्र देवाने पाठवल्यासारखा स्वीकारतात. तो कसा बनतो? या राज्यात नगर निगमे दर चौरस फुटाला मासिक भाड्याचा किमान दर ठरवतात. त्यासाठी रस्त्याची रुंदी पाहतात (चोवीस मीटरहून अधिक, बारा ते चोवीस, आणि बारा मीटरहून कमी), तसेच बांधकाम पाहतात: काँक्रीटच्या छपराचे पक्के घर, इतर पक्के घर, आणि कच्चे घर. तो दर चटईक्षेत्राने गुणायचा, बाराने गुणायचा, की वार्षिक मूल्य निघते, आणि कर त्याच्या टक्केवारीत.

मग खंडेराव दरवाजाच्या आत चालत जा आणि तेथील गल्ल्या पाहा. दोन माणसे शेजारी चालली की समोरून येणारी सायकल थांबते, अशा गल्ल्या आहेत. बारा मीटर कोठून येणार? एखाद्या घराची नोंद पाठीमागच्या मोठ्या रस्त्यावर झाली असेल तर दर एकदम वरच्या गटात जातो. तसेच बुंदेलखंडातील जुन्या घरांची छपरे दगडी पटियांची. पटियाचे छप्पर आणि काँक्रीटचा स्लॅब एका गटात पडत नाहीत. हे पाहायला इंजिनियर लागत नाही, दोरी आणि डोळे पुरतात.

मालक स्वतः राहत असेल तर आणखी सूट आहे. घर दहा वर्षांपर्यंतचे असल्यास वार्षिक मूल्य 25 टक्के कमी, दहा ते वीस वर्षांचे असल्यास साडेबत्तीस टक्के, आणि वीस वर्षांहून जुने असल्यास 40 टक्के कमी धरावे, असे कलम 174 सांगते. उलट भाड्याचे घर वीस वर्षांहून जुने असेल तर काहीच सूट नाही. म्हणजे आजोबांच्या काळच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची नोंद चुकून भाड्याची झाली, तर जेथे साठ रुपये आले असते तेथे शंभर येतात, आणि ते दरवर्षी. याशिवाय तीस चौरस मीटर जागेवरील किंवा पंधरा चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचे घर, ज्यात मालक स्वतः राहतो व ज्याचे त्या शहरात दुसरे घर नाही, ते सामान्य करातून मुक्त आहे. हे कलम ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे? आपल्या शाखांनीही ते किती जणांना सांगितले?

मृताच्या नावाकडे पुन्हा येतो, कारण झाशीत हा प्रश्न घरोघर आहे. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली, वारस सहा जण, त्यांतील दोघे नागपूर-पुण्याला. प्रत्येकाला वाटते, दुसरा भरील. परंतु घरपट्टीचा बोजा घरावर असतो, माणूस गेला म्हणून तो जात नाही. त्यामुळे नामांतराचा अर्ज करणे, आणि वारसांतील वाद मिटेपर्यंत कर भरून पावती जपणे, एवढे तरी जो घरात राहतो त्याने केलेच पाहिजे.

मेलेल्याचे देणे जिवंताच्या माथी ही गोष्ट या शहराला नवी नाही. 1853 च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले आणि पुढल्या वर्षी कंपनीने संस्थान खालसा केले. राणीला दरमहा पाच हजार रुपयांचे पेन्शन ठरवले आणि नंतर पतीच्या काळातील कर्ज त्याच पेन्शनमधून वळते करण्याचा हुकूम काढला. राज्य घेतले कंपनीने आणि राज्याचे कर्ज विधवेच्या माथी! राणीने त्यावर हरकत घेतली. त्याआधीही दत्तकाच्या प्रश्नावर तिने खलित्यामागून खलिता धाडला होता आणि जॉन लँग हा वकील बोलावून घेतला होता. तिचे अर्ज फेटाळले गेले हे खरे. पण आज त्या अन्यायाची तारीखवार हकिकत आपल्याला सांगता येते ती त्याच कागदांमुळे. लोकांना 1858 ची तलवार आठवते. मला भाषांतरकार म्हणून 1854 चे खलिते अधिक जवळचे वाटतात, हा माझा पक्षपात समजा.

येथे कोणी साथी विचारील, आणि मागील बैठकीत एकाने विचारलेही होते, की “आपण वसुली कार्यालयाचे कारकून झालो काय? नळाला पाणी नाही, गटार तुंबलेले, मग कर कशाला भरायचा?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. माझे मत असे की घरपट्टी हा मालमत्तेवरील कर आहे. आगपेटीसारख्या रोजच्या वस्तूंवर, सर्वांवर सारख्या दराने बसणाऱ्या करांच्या तुलनेत, आकारणी योग्य असेल तर, हा कर कमी अन्यायाचा आहे. शिवाय तो पैसा शहर झाडणाऱ्यांच्या पगारात जातो. झाशीत हे विसरता येत नाही. 1929 च्या मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी देशभर धरपकड झाली, तेव्हा आरोपींत झाशीचे लक्ष्मणराव कदम होते, आणि ते येथील नगरपालिका कामगारांच्या युनियनचे संघटक होते. सफाई कामगारांचा पगार थकला की आपण मोर्चा नेतो. त्याच आठवड्यात बाजारपेठेतील तीन मजली दुकानदाराची थकबाकी माफ व्हावी म्हणून आपलीच सही निवेदनावर असेल, तर ते शोभत नाही. मोठ्या थकबाकीदारांची यादी मागणे हे आपले काम आहे, त्यांच्या आड लपणे नव्हे.

करबंदी ही निराळी गोष्ट, आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. 1810 च्या अखेरीस कंपनीने बनारसला घरपट्टी बसवली, तेव्हा लोकांनी दुकाने बंद केली, कामे थांबवली, हजारोंच्या संख्येने उघड्यावर बैठक मारली, अर्ज लिहिले. अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. धर्मपाल यांनी 1971 च्या आपल्या ग्रंथात त्याची कागदपत्रे छापली आहेत. लंडनच्या पूर्व भागातील पॉप्लर येथे 1921 मध्ये नगरसेवकांनी, गरीब वस्तीवर अन्यायाने पडणारा लंडनच्या वरिष्ठ संस्थांचा हिस्सा देण्यास नकार दिला. त्यांच्यावर न्यायालयाचे बोलावणे आले तेव्हा ते घरात बसले नाहीत. 29 जुलै रोजी वाजतगाजत, हजारो लोकांसह पायी न्यायालयात गेले. तीस जण तुरुंगात गेले आणि सहा आठवड्यांनी सुटले. त्या वर्षीच कायदा बदलून गरीब वस्त्यांचा भार वाटून घेण्याची सोय करावी लागली. या दोन्ही ठिकाणी लोकांनी नकार उघडपणे, एकत्र आणि कारण लिहून दिला. पाकीट न फोडणाऱ्याने स्वतःला त्यांच्या पंक्तीला बसवू नये. मी तर मुळीच बसवणार नाही.

विलायतेतीलच आणखी एक प्रसंग सांगतो. 1990 मध्ये थॅचर सरकारच्या डोईपट्टीविरुद्ध फार मोठी चळवळ झाली. वाइट बेटावरील मेडिना नगर परिषदेने त्या जूनमध्ये अठराशेहून अधिक लोकांवर एकदम समन्स काढले. तारखेला लोक खरोखरच हजर राहिले आणि त्यांनी विचारले की स्मरणपत्र केव्हा निघाले व केव्हा पोहोचले? उघड झाले ते असे की परिषदेने पैसे वाचवण्यासाठी स्मरणपत्रे दुसऱ्या वर्गाच्या टपालाने पाठवली होती, आणि कायद्याने द्यायची मुदत लोकांना मिळालीच नव्हती. सगळी प्रकरणे निकाली निघाली. कर गेला नाही, समन्स पुन्हा निघाले, पण परिषदेला तो दिवस चांगलाच आठवत राहिला असेल. डोईपट्टी 1993 मध्ये गेली आणि तिच्या जागी आजचा कर आला.

आपल्याकडे काय करता येईल? एवढे तरी आहे. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नमर्यादा आहे. घर आईच्या नावावर असेल तर अर्ज आईनेच करावा. वकील मिळाला तरी कागद आपणच जमवायचे असतात: जुन्या पावत्या, वीजबिल, मृत्यूचा दाखला, छपराचा व गल्लीचा फोटो. हरकतीचा अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक-क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शिक्का नसलेली प्रत पुढे कोणी मानत नाही.

शाखेने असे ठरवले आहे की दर रविवारी सकाळी येथेच दोन साथी बसतील. एक जण हिंदी कागद वाचून मराठीत सांगेल, ते काम माझ्याकडे आहे. दुसरा साथी हिशोब तपासील. ज्यांच्याकडे नोटीस आली आहे त्यांनी ती पाकिटासह आणावी. पाकीट फेकू नये, कारण टपालाचा शिक्का त्याच्यावर असतो.